कार्निव्हलला प्रेक्षक नसतो

हल्ली कार्निव्हलच्या धर्तीवर मांडणशिल्पं उभी राहतात. माणूस चित्रासमोर उभा न राहता चित्राच्या आतच शिरतो. मुखवटे, दिवे, आवाज, सगळं भोवती. आता प्रश्न असा, की कार्निव्हलमधून नेमकं उचलायचं काय?

मिखाइल बाख्तिन या रशियन विचारवंतानं राब्ले या फ्रेंच लेखकावर प्रबंध लिहिला. त्याचं पुस्तक निघालं १९६५ साली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कार्निव्हलमध्ये रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात रेघ नसते. सगळेच त्यात जगतात. आणि तेवढ्या वेळापुरती मोठ्यांची थट्टा करायची मुभा असते.

योगायोग पहा, त्याच १९६५ साली पणजीत रथांची मिरवणूक सुरू झाली. त्याआधीचा गोव्याचा ‘इंत्रुज’ गल्लीबोळातला. चाळीस दिवसांच्या उपासाआधी लोक एकमेकांवर पीठ, रंगीत पाणी फेकायचे. मग ‘किंग मोमो’ रथावर आला आणि रस्त्याच्या कडेला बघे उभे राहिले. पर्यटन वाढलं, पण रेघ पडली.

आपल्या विदर्भात या. नागपूरची काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची सांगतात. बांबू-कागदाचे हे पुतळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतात. सोबत बडगे असतात, त्यांवर महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, जे त्या वर्षी लोकांना छळतं ते. शेवटी सगळं जाळायचं. वर्षभर टिकवायचं काही नाही.

आणि पोळा तर आपल्या दारातलाच. तोरणाखाली बैल उभे, अंगावर झूल, शिंगांना बाशिंग. वर्षभर राबणारा त्या दिवशी मानकरी. मग झडत्या सुरू होतात. एरवी ज्याच्यासमोर मान वर होत नाही, त्या पाटलाला, सावकाराला, सरकारला झडतीत चारचौघांत ऐकवता येतं. ऐकणाराही हसतो, कारण रीत तशी आहे. तोरण तुटलं, पोळा फुटला, की मुभा संपली.

म्हणजे मुभेला काळाची आणि जागेची चौकट लागते. ती चौकट बांधणं हेच कलावंताचं काम, असं मला वाटते.

म्हणून चांदूर बाजारात असं मांडणशिल्प करायचं मनात आलं, तर व्हेनिसचे मुखवटे मागवू नका. तोरण बांधा, आणि खाली येणाऱ्याला झडती म्हणू द्या. कापसाच्या भावाबद्दल म्हणेल, नाहीतर तुमच्या-माझ्याबद्दलही म्हणेल. ते ऐकायची तयारी नसेल, तर उरते ती फक्त सजावट.