खरसुंडीची यात्रा आणि खिलार बैल

साताऱ्याचा माण आणि सांगलीचा आटपाडी हे तालुके कमी पावसाचे. इथल्या शेतकऱ्याने ज्वारी-बाजरीच्या जोडीला आणखी एक पीक जोपासले, ते खिलार खोंडांचे. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. तिथल्या खरसुंडीला, सिद्धनाथाच्या यात्रेत, ही जनावरे विक्रीला येत आली. या प्रदर्शनाचा परीक्षक कोण? तर गिऱ्हाईकच! दात पाहून वय ओळखायचे, खूर, खांदा, चाल बघायची. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. पारख चुकली, तर नांगरट त्याचीच अडायची. या कसोटीनेच खिलार जात घडली. आता नांगर ट्रॅक्टर ओढतो. तेव्हा गुरुजी, मुलांना यात्रेला न्या. आदत, दुसा, चौसा म्हणजे काय, ते जाणत्यांना विचारू द्या. पारख सरली, की तिच्यामागून जातही सरते.