पहिलीचं इंग्रजी

जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी एबीसीडीची गाठ पाचवीत पडायची. आम्ही डी.एड.वालेही तसेच शिकलेलो, आणि डी.एड. केलेलं मराठीतून. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना निघाली: तीन वर्षं मानधन, मग पगार.

दोन वर्षांनी मी त्यात लागलो. माझा ओढा इतिहासाकडे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. चालू होतं. वाट्याला आलं पहिलीचं इंग्रजी! रविवारी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर पेशवाई, सोमवारी ‘स्टँड अप, सिट डाऊन’. मानधन रखडायचं, परीक्षेची फी थांबायची नाही. रात्री आधी डिक्शनरीत उद्याचे उच्चार बघायचे, उरल्या वेळात पानिपत.

कंटाळा करून चालणार नव्हतं. इंग्रजी शाळेची जीप गावात यायला लागली होती, आणि पट घसरला की शिक्षकाचं पदही जातं. पण खरा धाक एका आजीचा. नातीला सोडायला यायची अन् दारातच विचारायची, “गुर्जी, आज काय शिकिवनार? सांजच्याला मी इचारनार हाये तिला.”

चिंचोके मांडून आम्ही वन, टू, थ्री म्हणायचो. दिवाळीपर्यंत आजीही दहापर्यंत आली.