हार्डकोर पंक, वॉशिंग्टन डी. सी. मधील

अमेरिकेच्या राजधानीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजलेली अतिवेगवान, आक्रमक पंक संगीताची परंपरा. तिचा पाया बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय वादकांच्या समूहाने घातला. आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारे हे कलावंत पंककडे वळले आणि त्यांनी वेगाला रेगे संगीताची जोड दिली. वादनकौशल्यात त्यांची बरोबरी नंतरच्या फार थोड्यांना साधली.

टीन आयडल्स या शाळकरी मुलांच्या समूहाने विसर्जित होताना साठलेल्या कमाईतून आपली ध्वनिमुद्रिका काढली. त्यातूनच १९८० मध्ये इयन मकाय, जेफ नेल्सन प्रभृतींची ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही संस्था उभी राहिली. मोठ्या कंपन्यांवर न विसंबता ध्वनिमुद्रिका स्वतः काढून विकण्याची तिची रीत अनेक शहरांनी उचलली. मकाय-नेल्सन यांच्याच मायनर थ्रेट (१९८०–८३) या समूहाच्या एका गीतावरून दारू, सिगारेट व अमली पदार्थ टाळणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ जीवनपद्धतीला नाव मिळाले. अल्पवयीन श्रोत्यांना मद्य देऊ नये म्हणून हातावर काढलेली फुली पुढे याच पंथाची खूण बनली. बंदीचे चिन्ह असे अभिमानाने मिरवले जाणे विरळाच.

कार्यक्रमांतील हाणामारीला कंटाळून १९८५ च्या ‘रेव्होल्यूशन समर’मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस इ. समूहांनी अधिक सुरेल, आत्मपर गीते रचली. ‘इमो’ प्रकाराचा उगम येथे मानतात, मात्र या कलावंतांना ते नाव रुचले नाही. ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या संघटनेमुळे मदतनिधीचे कार्यक्रम व निदर्शने यांनाही जोर आला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फुगाझीने तिकीटदर शक्यतो पाच डॉलरच ठेवला. या समूहाचे कार्यक्रम २००२ नंतर थांबले. डिस्कॉर्डचे काम मात्र पुढेही चालू राहिले.