हर्मिसचे वय किती?

काचेच्या नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद केले, की प्रयोगशाळेत आम्ही तिला 'हर्मेटिकली सील' केलेली नळी म्हणतो. किमयागारांकडून आलेल्या या शब्दातला हर्मिस कोण, हे शोधू लागलो, की आपण इजिप्तमध्ये पोहोचतो.

तेथे थोथ हा लेखन, गणना आणि चंद्र यांचा देव होता. त्याचे डोके इबिस पक्ष्याचे. ग्रीकांनी त्याला आपला हर्मिस मानले. इ. स. पू. ३३२ मध्ये सिकंदराने इजिप्त जिंकल्यावर ही सरमिसळ वाढली आणि तीतून 'हर्मिस ट्रिस्मेगिस्टस', म्हणजे त्रिवार महान हर्मिस, हा काल्पनिक ऋषी उभा राहिला. किमया, ज्योतिष आणि जादू यांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर जमा होऊ लागले.

त्याच देशातले कारागीर मात्र वेगळेच लिहून ठेवत होते. लायडेन आणि स्टॉकहोम येथील, इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमाराच्या पपायरसांत सोन्याचांदीसारखे दिसणारे मिश्रधातू, नकली रत्ने आणि कापडाचे रंग यांच्या सरळ कृती आहेत.

१४६३ मध्ये फ्लॉरेन्सच्या कोसिमो दे मेदिचीने प्लेटोचे काम बाजूला ठेवायला सांगून फिचिनोकडून हर्मिसच्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर करून घेतले. हर्मिस हा मोझेसच्या काळातला किंवा त्याआधीचा, अशी तेव्हा समजूत होती. १६१४ मध्ये आयझॅक कासोबाँ या विद्वानाने ती खोडून काढली. ग्रंथांची ग्रीक भाषा उशिराची होती. शिवाय त्यांत इ. स. पू. पाचव्या शतकातील शिल्पकार फिडियसचा उल्लेख होता. मोझेसच्या काळातल्या लेखकाला तो कसा ठाऊक असणार? हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातले ठरले.

तरीही दंतकथा संपली नाही. पुढे न्यूटननेही हर्मिसच्या नावावरील 'पाचूची पाटी' भाषांतरित केली. तिचा उपलब्ध सर्वांत जुना पाठ अरबी आहे. दुसरीकडे, १९४५ मध्ये इजिप्तमध्येच नाग हम्मादी येथे हर्मिसचे काही ग्रंथ कॉप्टिक भाषेत सापडले. म्हणजे त्यांचे इजिप्तशी नाते खरे होते, सांगितलेले वय तेवढे खोटे.

'हे तर प्राचीन ग्रंथातच आहे', असे वर्गात कोणी म्हणाले, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. ग्रंथ खरोखर तितका जुना आहे का, आणि असला तरी त्यातले विधान प्रयोगाला उतरते का? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.