नकली पापण्या लावल्यात? मग धुवायला घाबरू नका

ईद आणि लग्नसराईत मेहंदी, फेशियलबरोबर आता आपल्याकडच्या पार्लरमध्ये ‘लॅश एक्स्टेन्शन’चीही विचारणा होते. पापणीच्या एकेका केसाला कृत्रिम केस गोंदाने चिकटवतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत आपले केस गळतात, त्यांच्याबरोबर हेही गळतात.

लावल्यावर बहुतेकींना एकच भीती असते : पाणी लागलं तर पैसे वाया! म्हणून डोळे धुणंच बंद होतं. खरा त्रास इथूनच सुरू होतो. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तिथे घाम, मेकअप आणि धूळ साचली की कड लाल होते, कोंडा दिसतो, खाज सुटते, रांजणवाडी येते. डॉक्टर याला ‘ब्लेफरायटिस’ म्हणतात.

आपली कळंबोली तर लोखंड-पोलाद बाजाराची, दिवसरात्र ट्रकांची. धूळ इथे कमी नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश असेल, तर डोळ्याला वारा आणि धूळ सर्वांत कमी लागते. केस त्याहून लांब झाले, की उलट वारा डोळ्याकडे वळतो. म्हणून लांबी बेताचीच घ्यावी.

सफाई कशी करावी?

- गोंद पक्का होईपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन दिवस, पाणी टाळायला सांगतात. त्यानंतर रोज धुवावं.
- हात साबणाने धुवा. डोळे मिटून, तेल नसलेला लॅश फोम मऊ ब्रशने मुळाशी हलकेच फिरवा, मग साध्या पाण्याने धुवा.
- टॉवेलने चोळू नका, टिपून घ्या. वाळल्यावर स्वच्छ ब्रशने विंचरा.
- तेल, तेलकट क्रीम आणि काजळ लांब ठेवा. सुरमाही नको, काही सुरम्यांत शिसं असतं.
- केस ओढून काढू नका. आपले केसही मुळासकट येतात.

लावण्याआधी

हा गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो आणि त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. त्यामुळे एक दिवस आधी थोडा गोंद लावून अॅलर्जी होते का, ते बघायला सांगा. चिमटे निर्जंतुक केलेत का, हे विचारायला लाजू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. डोळे आले असतील तर काम पुढे ढकला.

वुजू करणाऱ्या बहिणींनी गोंदाखाली पाणी पोहोचण्याचा आणि हे जायज आहे की नाही, हा मसला आधीच आलिमांना विचारून घ्यावा. तो आमच्या अधिकारातला नाही.

डॉक्टरकडे कधी?

गोंद डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पापण्या ओढून उघडू नका आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. डोळा दुखणं, सूज, पू, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं, यांतलं काहीही झालं तरी थांबू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नका. स्टेरॉइडच्या ड्रॉपने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

शृंगार जरूर करावा. पण पापण्या डोळ्यांच्या रखवालीसाठी आहेत, हे आपल्या मुलींना आधी सांगू या.