मिणमिणत्या दिव्यांचा इतिहास

जुनी मोटार हौसेनं सांभाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. इंजिन सुरेख लागलं, रंग झाला, सीटा नव्या शिवल्या, पण रात्री गाडी बाहेर काढवत नाही. हेडलाइट लावले की समोर उजेड पडल्यासारखा वाटतो, दिसत मात्र काही नाही. मग कुणीतरी सांगतं, जास्त वॉटचे बल्ब टाका. हा सल्ला बहुतेक वेळा का फसतो, ते आज आपण बघू. उत्तर गाडीच्या इतिहासातच आहे.

पहिल्या मोटारींना विजेचे दिवे नव्हतेच. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघायचा आणि दिव्यात जळायचा. (हेच ते कार्बाइड, आंबे पिकवायला ज्याच्यावर आता बंदी आहे.) 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि वाट बदलली.

पण सामान्य माणसाच्या फोर्ड मॉडेल टीचं काय? 1915च्या सुमारास तिला विजेचे हेडलाइट आले खरे, पण त्यांच्यासाठी बॅटरी नव्हती. वीज यायची थेट इंजिनाच्या मॅग्नेटोमधून. म्हणजे गाडी पळाली की दिवे लख्ख, आणि खड्डे किंवा वळण आलं म्हणून वेग कमी केला की दिवे मंद. जिथं उजेड हवा, नेमका तिथंच अंधार! शिवाय दोन्ही बल्ब एका माळेत जोडलेले. एक गेला की दुसराही विझणार. लोक रस्ता दिसावा म्हणून खालच्या गियरमध्ये इंजिन रेटत जायचे. दिव्याचा खरा प्रश्न बल्बच्या मागे, वीज पोचण्यात आहे, हे तेव्हापासूनच दिसतं.

पुढे बॅटरी आली, पण अनेक गाड्यांत ती 6 व्होल्टची. इथं जरा हिशेब करू, कारण सगळी गोम इथंच आहे. 45 वॉटचे दोन बल्ब 6 व्होल्टवर 15 अँपिअर खातात. वायर, खटका, सांधे यांचा मिळून विरोध फक्त 0.04 ओहम धरा. नगण्य वाटतो ना? तरी वाटेत 0.6 व्होल्ट, म्हणजे दहा टक्के, गळून जातात. आणि तापत्या तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. तेच बल्ब 12 व्होल्टचे असते, तर त्याच वाटेत गळती फक्त अडीच टक्के झाली असती. 1950च्या दशकाच्या मध्यावर बहुतेक अमेरिकी गाड्या 12 व्होल्टवर गेल्या. फोक्सवॅगन बीटल मात्र पुढेही बरीच वर्षं 6 व्होल्टवरच होती.

आपल्याकडची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर 12 व्होल्टची, तरी दुखणं त्याच जातीचं. हेडलाइटचा सगळा प्रवाह बॅटरीपासून आत खटक्यापर्यंत, तिथून डिपरमधून परत पुढे, असा लांबचा फेरा घालून जातो. परतीची वाट तर गाडीच्या पत्र्यातून; मडगार्डच्या बोल्टाखाली गंज चढला की तीही अडते. अशा गाडीत जास्त वॉटचा बल्ब म्हणजे अरुंद नळाला मोठी तोटी. प्रवाह वाढतो, गळती वाढते, खटका तापतो, कधी वायरिंगही जळतं.

म्हणून आधी मीटर लावा. दिवे चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या पायांवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर अर्थचे सांधे घासून घ्या आणि रिले बसवा. बॅटरीजवळून फ्यूज घालून जाड वायर रिलेमार्फत थेट दिव्यांकडे न्यायची. जुन्या खटक्यानं फक्त रिलेला इशारा द्यायचा. गाडीचं जुनं रूपही बिघडत नाही, आणि आमच्या मते पैशाच्या मानानं एवढा उजेड दुसऱ्या कशानं मिळत नाही.

मग रिफ्लेक्टर. जुन्या दिव्यांत त्यावर चांदीचा मुलामा असे. पैंजण काळे पडतात तसाच तोही काळा पडतो, आणि पॉलिश करत बसलं तर झिजून जातो. काही जण त्यावर क्रोम चढवून घेतात. चकाकतो छान, पण क्रोम प्रकाशाचा साधारण दोन तृतीयांश भागच परत फेकतो. पुन्हा चांदी चढवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा थर द्या.

आणि बल्ब? तो शेवटी. 1971 साली आलेला एच-4 हॅलोजन 60/55 वॉटचा, दोन मिळून 12 व्होल्टवर 10 अँपिअर. इंग्लंडच्या ल्युकास कंपनीचा सी-40 डायनॅमो फार तर 22 अँपिअर द्यायचा, तोही इंजिन वेगात असताना. सिग्नलला उभं राहिलं की सगळा भार बॅटरीवर. त्यातच वायपर आणि इग्निशनही. तेव्हा पावसाळी रात्रीच्या गर्दीत अशी गाडी न्यायची असेल, तर हॅलोजन घेण्याआधी डायनॅमोचा हिशेब कागदावर मांडून बघा.