नामजप : उगम, परंपरा व आपला परिसर

‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र खानदेशातील शाळकरी पोरालाही पाठ असतो. दोन माळकरी रस्त्यात भेटले म्हणजे नमस्काराच्या जागी हेच शब्द येतात. परंतु हा मंत्र चारचौघांत, मोकळ्या आवाजात म्हणण्याचा अधिकार सामान्य माणसास फार सायासाने मिळालेला आहे, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी तो इतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

मंत्रजपाचे मूळ वेदकाळात सापडते. गायत्री मंत्र ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात असून तो विश्वामित्र ऋषींच्या नावावर आहे. पुढे पतंजलींनी योगसूत्रांत ओंकाराचा जप करावा आणि जपताना त्याच्या अर्थाचे चिंतन करावे, असे सांगितले. जप आणि ध्यान यांची जोड ती हीच. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व यज्ञांत जपयज्ञ तो मीच, असे म्हटले आहे. जपाचे प्रकार तीन : मोठ्याने करावयाचा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्यास ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात चालतो तो मानस. मनुस्मृतीने मानस जप सर्वांत श्रेष्ठ ठरविला आहे.

येथपर्यंत सर्व ठीक. पण वेदमंत्र स्त्रियांस व शूद्रांस वर्ज्य, हेही शास्त्रकारांनीच ठरविले. मंत्र गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाचा, आणि तो कान कोणाचा असावा हे जन्मावरून ठरावयाचे! बहुजन समाज शेकडो वर्षे या विद्येस पारखा राहिला.

ही कोंडी महाराष्ट्रात संतांनी फोडली. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी मराठीत अवतरली. नाम घेण्यास मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही, हे हरिपाठामुळे घरोघरी पोहोचले. या क्रांतीची एक खूण आपल्या जिल्ह्यातच आहे. तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव असून तेथे चांगदेवाचे प्राचीन दगडी मंदिर उभे आहे. चांगदेव मोठा योगी, चौदाशे वर्षे जगला अशी आख्यायिका. त्याने ज्ञानदेवांना पत्र पाठविले ते कोरेच, कारण मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. ते पत्र पाहून मुक्ताबाई म्हणाली की, एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे याच चांगदेवाने त्या कोवळ्या मुलीस गुरू केले. ज्या स्त्रीजातीला मंत्राचा अधिकार नव्हता तिच्यातीलच एक मुलगी सिद्ध योग्याची गुरू झाली! मुक्ताबाई इ. स. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूण-कोथळी परिसरात विजेच्या लोळात गुप्त झाली, असे परंपरा सांगते. एदलाबादचे नाव पुढे मुक्ताईनगर झाले ते तिच्यावरूनच. कोथळीहून तिची पालखी दरसाल आषाढीला पंढरपुरास जाते.

चोखोबांची कथा याहून हृदयद्रावक आहे. नाम त्यांना मिळाले, मंदिर मात्र मिळाले नाही. जन्मभर त्यांनी विठ्ठलाचा जप केला तो दाराबाहेर राहून. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या चोखोबांच्या, असे नामदेवांनी ओळखले, अशी श्रद्धा आहे. त्यांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे पुन्हा बाहेरच.

तुकोबांना ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, तो माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले, त्याचा आपल्याला विसर पडला, ही रुखरुख स्वतः तुकोबांनी अभंगात नोंदविली आहे. इतका मोठा अनुभव आणि त्यात तुपाची आठवण! म्हणूनच ते शब्द खरे वाटतात. पुढे इ. स. १६४० च्या सुमारास शिऊरच्या संत बहिणाबाईंना तुकोबांनी कोल्हापूर मुक्कामी स्वप्नात येऊन हाच मंत्र दिला. (आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्या निराळ्या.) ब्राह्मण स्त्रीने कुणब्यास गुरू करावे हे पतीस सहन झाले नाही. त्यासाठी तिने मारही सोसला, पण जप सोडला नाही.

आता अलीकडचा काळ. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते व महात्मा गांधीही आले होते. गांधीजींना रामनाम मिळाले ते कोणा आचार्याकडून नव्हे, तर घरातील रंभा नावाच्या दाईकडून. लहानपणी त्यांना भुताखेतांची फार भीती वाटे, त्यावर तिने हा उपाय सांगितला होता. या अधिवेशनासाठी गावोगाव राबलेल्या साने गुरुजींनी पुढे १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण केले. विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे एवढीच मागणी होती. उपोषण दहा दिवस चालले, तेव्हा कुठे मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. चोखोबांच्या निधनास तोपर्यंत सहाशे नऊ वर्षे लोटली होती.

जपाच्या लाभाविषयी अतिशयोक्ती फार होते. जपाने दुखणे बरे होते म्हणून औषध बंद करणे हा शुद्ध अडाणीपणा होय. जे खरे आहे तेही थोडे नाही. इटलीतील संशोधकांनी तेवीस माणसांवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो वा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र असो, जपताना श्वास मंदावून मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि हृदयाची लय त्या श्वासाशी जुळते, असे त्यांना आढळले. मंत्राची लांबीच श्वासाला माप घालून देते. हरिनाम सप्ताहात पहाऱ्याला उभा राहिलेला शेतकरी दिवसभराचा शिणलेला असूनही पहाटे ताजातवाना दिसतो, त्याचे एक कारण हेही असावे.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाचा नसतो. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाचा, पाया पडावयाचे आणि बाजूला व्हावयाचे. रात्री दोन ते चारचा पहारा घेण्यास सहसा कोणी तयार होत नाही, आणि पहाऱ्याची यादी करताना खरी अडचण येते ती तेथेच. नव्या सभामंडपात होणाऱ्या सप्ताहासाठी ती यादी करताना दोन ते चारच्या रकान्यात प्रत्येक आळीचे एक नाव असावे.